विजेत्यांचा रकाना

विल्सन रणभिसे दारूगोळा कारखान्यात टाइमकीपर,
रविवारी आमचे लाइन्समन.
त्यांची एक वही होती, कापडी बांधणीची.
तीत एका बेटाचे सगळे फुटबॉल विजेते,
साल, संघ, गोल, शेरा.

बेट कॅरिबियन समुद्रात,
शाळेच्या नकाशात मुगाएवढं.
निब टेकवली की झाकूनच जायचं.
रणभिसे तिकडे कधी गेले नाहीत.
लोणावळ्याच्या पुढेही एकदाच गेले,
तेही मयतीला.

तिकिटांच्या नादातून ओळख झालेला सेल्विन बॅप्टिस्ट,
तिथला पोस्टमन,
हंगाम संपला की निळ्या कागदावर निकाल पाठवायचा.
पत्र बोटीनं यायचं, चार महिने, कधी पाच.
त्यामुळे खडकी बाजारात नेहमी
जुनाच विजेता गादीवर,
तिकडे तो कधीच हरून मोकळा झालेला.

पहिल्या पत्रात त्यानं मागची सगळी वर्षं एकदम दिली होती.
आधी गोदी कामगार.
मग दोनदा पोलीस
(पंचही पोलीसच होता, सेल्विन लिहितो).
मग साखर कारखान्याचा संघ, सलग पाच वेळा.
त्यांच्यात रामदीन नावाचा एक डावरा.
आम्ही पोरं मैदानात रामदीन होण्यावरून भांडायचो,
तो निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती,
आम्हाला काय माहीत.
पुढे कारखाना बुडाला, संघही.
युद्धाची वर्षं, नुसती रेघ.
आणि एका सालापुढे, विजेत्याच्या रकान्यात, फक्त
वादळ.
स्टँडचं छप्पर समुद्रात गेलं.
गोलपोस्टची लाकडं लोकांनी घरांना लावली,
क्लबनं ती परत मागितली नाहीत.
इथे आलं की रणभिसे चष्मा पुसायचे.

इकडून बदल्यात आमच्या लीगची यादी जायची.
एकसष्टची फायनल सोळा जुलैला होती.
बाराला धरण फुटलं.
लीगचं कपाट नारायण पेठेत, तळमजल्यावर.
कप आठ दिवसांनी मिळाला, ओंकारेश्वराच्या अलीकडे,
काठोकाठ गाळ भरलेला.
राखीव गोलकीपर बाबू तुपसौंदर मिळाला नाही.
त्या सकाळी तो जाळ्या आणायला गेला होता,
त्याच कपाटातून.

रणभिश्यांनी रकाना रिकामा ठेवला नाही.
लिहिलं: पानशेत.

उत्तर आलं तेव्हा थंडी सरत आली होती.
‘नवा संघ दिसतो! पहिल्याच वर्षी चषक!
कळवा, खेळतात कसे?’
रणभिसे बाकावर बसून खूप हसले,
आणि मग एकाएकी गप्प.
दुरुस्ती पाठवली नाही.
‘लिहिलं त्याला,’ म्हणाले,
‘सरळ मधून येतात.
शिट्टीची वाट बघत नाहीत.
बचाव कुणालाच जमला नाही.’

रणभिसे गेले. वही माझ्याकडे आली,
रद्दीवाल्यानं वजन करायला घेतली होती त्याच्या हातातून.
परवा एक पत्र आलं,
खडकी पोस्टानं तीन दारं फिरवून आणलेलं.
सेल्विनच्या नातीचं.
आजोबांची वही तिच्याकडे आहे म्हणते,
तीत पुण्याचंही पान आहे.
बाकीचे संघ पुन्हा पुन्हा दिसतात,
पानशेत तेवढे एकदाच जिंकले.
तो संघ अजून आहे का?

तीन कागद फाडले.
चौथ्यावर लिहिलं: आहे.
घरच्या मैदानावरच असतो आता,
दरवाजे बंद ठेवून.
पावसाळ्यात आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवतो.

मग वाटलं, एवढ्या लांब जाणाऱ्या कागदावर
एक तरी गोष्ट सरळ असावी.
खाली जागा होती.
राखीव गोलकीपर, लिहिलं,
बाबू तुपसौंदर, वय एकोणीस,
उंची बरी,
हात मोठे.